तुमच्या नावावर दुसऱ्याचाच धंदा? पॅन, आधार आणि झेरॉक्सचा हिशेब



व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत गुंडाळावा लागला. म्हणून इथे जरा बसून लिहितोय. मोबाईल हातात ठेवूनच वाचा, कारण मधे दोन-तीन गोष्टी लगेच तपासायला सांगणार आहे.

नवा धंदा सुरू करायचा म्हटलं की आपली पहिली फेरी कुठे होते? बँकेत नाही अन् बाजारातही नाही. पहिली फेरी झेरॉक्सच्या दुकानात. आधारच्या पाच प्रती, पॅनच्या पाच, लाइट बिल, पासपोर्ट फोटो, कॅन्सल चेक. सिंदी रेल्वेहून वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाणारी ताई असो, नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत लेबर कॉन्ट्रॅक्टरला भेटायला निघालेला पोरगा असो, फाइल सारखीच. या फाइलवर तुम्हाला लोन मिळतं, सिम मिळतं, जीएसटी नंबर मिळतो. तीच फाइल दुसऱ्याच्या हातात पडली तर तेच सगळं त्याला मिळू शकतं, तुमच्या नावावर. ओळखीची चोरी म्हणतात ती हीच. खिशातून काही जात नाही, म्हणून कळतही नाही. कळतं तेव्हा नोटीस आलेली असते, किंवा बँकेचा साहेब म्हणतो, "तुमचा सिबिल खराब आहे, लोन होणार नाही."

मालेगावचं प्रकरण

हे काही लांबचं नाही, आपल्याच राज्यातलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावात पोलिसांकडे गुन्हा नोंद झाला. तक्रार साधारण अशी, की मक्याच्या व्यापारासाठी बँक खाती लागतात, बाजार समितीत काम लावून देतो, असं सांगून डझनभर तरुणांकडून आधार, पॅन, सह्या घेतल्या गेल्या. त्यावर नाशिक मर्चंट को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत खाती उघडली गेली. थोड्याच दिवसांत त्या खात्यांमधून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरली. पुढे ईडी आली, महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये झडत्या झाल्या, अटका झाल्या.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? कुणीही काहीही हॅक केलं नाही. लिंक नाही, व्हायरस नाही, परदेशातला कॉल नाही. ओळखीतल्या माणसानं नोकरीचं नाव काढलं आणि पोरांनी स्वतःच्या हातानं कागद दिले. आपल्याकडे ओळखीच्या माणसाला "कशाला पाहिजे?" असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान वाटतो. इथेच गाडी अडते.

आता आपल्या भागाचं बघा. सिंदीजवळ मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क येतंय, लोक त्याला ड्राय पोर्ट म्हणतात. असा मोठा प्रकल्प आला की गाड्या लागतात, माणसं लागतात, चहा-नाश्त्याचे ठेके निघतात. चांगलीच गोष्ट आहे, आपल्यालाही त्यातून काम काढायचंय. पण अशा प्रकल्पाच्या नावावर "कागद द्या, वेंडर म्हणून नाव टाकतो" म्हणणारे मध्यस्थ कुठेही उगवू शकतात. कामाची लेखी ऑर्डर नाही, कंपनीचं पत्र नाही, ऑफिसचा पत्ता नाही, आणि सुरुवातच आधार-पॅनपासून होतेय, तर थांबा. आधी समोरच्याचे कागद बघा, मग आपले दाखवा.

तुमच्या पॅनवर जीएसटी नंबर निघालाय का?

उद्योजकासाठी सगळ्यात घातक प्रकार हा. बोगस फर्म कशी चालते ते आधी समजून घ्या. कुणाच्या तरी पॅन-आधारवर जीएसटी नंबर काढायचा. माल घ्यायचा नाही, द्यायचा नाही, फक्त बिलं फाडायची. बिल घेणारा त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतो, म्हणजे न भरलेल्या कराची वजावट मिळवतो. बिल फाडणाऱ्याला कमिशन मिळतं. काही महिन्यांनी फर्म गायब. उरतं काय? ज्याच्या पॅनवर नंबर होता त्याचं नाव. नोटीस त्यालाच.

हे किती मोठं आहे याचा अंदाज घ्या. १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी खात्यांनी देशभर मोहीम राबवली, तेव्हा २१,७९१ नोंदण्या अशा निघाल्या की त्या पत्त्यावर फर्मच नव्हती. संशयित करचोरी २४,०१० कोटींची. ऑगस्ट २०२४ मध्ये अशीच दुसरी मोहीम काढावी लागली. या सगळ्या फर्मा कुणाच्या तरी नावावर होत्या ना? त्यातल्या कित्येक नावांच्या मालकांना स्वतःची 'फर्म' आहे हेच माहीत नसतं. मजूर असतात, रिक्षा चालवणारे असतात.

आता मोबाईल घ्या. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर जा. लॉगिन करायची गरज नाही. 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये 'सर्च बाय पॅन' असा पर्याय आहे. तिथे स्वतःचा पॅन टाका. काहीच निघालं नाही तर उत्तम. तुमचा एकच नंबर निघाला, तोही उत्तम. पण तुम्ही कधी दिल्ली पाहिली नाही आणि ०७ पासून सुरू होणारा नंबर दिसतोय, किंवा गुजरातचा २४ वाला दिसतोय, तर गडबड आहे. नंबरवर क्लिक केलं की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि तो कोणत्या अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो हे दिसतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरातल्या सगळ्यांचे पॅन टाका, म्हाताऱ्या आई-वडिलांचे तर नक्कीच. जे पॅन कधी वापरातच नसतात, त्यांच्याकडे लक्ष कुणाचंच नसतं.

इथे एक गंमत सांगतो. जीएसटी नंबर पंधरा अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन म्हणजे राज्य, महाराष्ट्र २७. पुढचे दहा म्हणजे तुमचा पॅन, जसाच्या तसा. आणि जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लावणं, बिलावर छापणं कायद्यानं लागतं. म्हणजे प्रोप्रायटरशिप असेल तर तुमचा पॅन आख्ख्या गावाला उघड आहे. म्हणून "माझा पॅन मी कुणाला सांगतच नाही" या भरवशावर राहू नका. पॅनचा आकडा लपत नसतो. जपायचं ते त्याच्या जोडीला जे लागतं ते: ओटीपी, सही, फोटो, आधारची पूर्ण प्रत, पत्त्याचा पुरावा.

पत्त्याच्या पुराव्यावरून आठवलं. जीएसटी नोंदणीला जागेचा पुरावा म्हणून लाइट बिल चालतं. म्हणजे बोगस फर्मवाल्याला माणूस एकाचा आणि पत्ता दुसऱ्याचाच लावता येतो. महावितरणचं बिल सोसायटीच्या जिन्यात, दुकानाच्या शटरला खोचलेलं पडून असतं. तेवढं उचलून घरात ठेवायला काही लागत नाही.

ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो?

हा भाग नीट वाचा. प्रशिक्षणात मी नेहमी विचारतो, तुमच्या जीएसटीत, उद्यममध्ये, इन्कम टॅक्समध्ये कुणाचा मोबाईल नंबर आणि कुणाचा ई-मेल आहे? अर्ध्या लोकांचं उत्तर, "सरांचा असंल." सर म्हणजे टॅक्स कन्सल्टंट किंवा सायबर कॅफेवाला दादा.

कन्सल्टंट चोर असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. बहुतेक जण आपल्या सोयीसाठीच स्वतःचा नंबर टाकतात, कारण आपण ओटीपी वेळेवर सांगत नाही! पण परिणाम काय होतो बघा. तुमच्या नावावर रिटर्न भरलं, पत्ता बदलला, बँक खातं जोडलं, तरी मेसेज तुम्हाला येतच नाही. त्या ऑफिसातला पोरगा काम सोडून गेला, पासवर्ड त्याच्या डायरीत गेला. आणि तुम्ही कन्सल्टंट बदलायला गेलात तर चावी जुन्याकडेच.

तेव्हा मुख्य मोबाईल आणि ई-मेल तुमचाच. कन्सल्टंटला काम करायचंय तर त्यानं ओटीपी मागावा, तुम्ही विचारून द्यावा, "कशाचा आहे?" थोडा त्रास आहे, पण धंदा तुमचा आहे. ई-मेलसुद्धा धंद्यासाठी वेगळा काढा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. ई-मेल गेला तर बाकी सगळे पासवर्ड 'फरगॉट' करून काढता येतात. डिजिटल सिग्नेचरचा पेन ड्राइव्ह असेल तर तो कन्सल्टंटच्या ड्रॉवरमध्ये नाही, तुमच्या कपाटात पाहिजे. तो पेन ड्राइव्ह म्हणजे तुमची सही आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवणं हा तर त्याहून जुना रोग.

कागद द्यायचे कसे

द्यावे तर लागणारच. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयानं सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. गोंधळ एवढा उडाला की दोनच दिवसांत सरकारनं ती सूचना मागे घेतली आणि नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणाले. आता नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, ते आपणच ठरवायचं!

माझं मत असं. लॉजमध्ये, कुरिअरला, खोली भाड्यानं घेताना, नोकरीच्या अर्जाला मास्क्ड आधार द्या. आधारच्या वेबसाइटवरून तो डाउनलोड होतो, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. बँकेत किंवा सरकारी योजनेत पूर्ण आधार मागतील, तिथे वाद घालत बसू नका. पण झेरॉक्सवर आडवी रेघ मारून त्यावर कारण, तारीख आणि सही टाका. "फक्त अमुक बँकेत मुद्रा लोनसाठी, ता. अमुक." अक्षरं कागदावरच्या मजकुरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलं तर कापता येतं. आकडे मात्र वाचता यावेत, नाहीतर फाइल परत येईल. कॅन्सल चेकवर सही करायची नसते, फक्त 'कॅन्सल' लिहायचं. किती जण सही ठोकून देतात!

झेरॉक्सच्या दुकानात आपण व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, ती त्या कॉम्प्युटरवर राहते. दुकानदार काही करेल असं नाही, पण दिवसभरात त्या कॉम्प्युटरवर किती लोक बसतात? प्रिंट झाली की समोरच डिलीट करायला सांगा, रीसायकल बिनमधूनही. मशीनमधून बिघडून आलेली प्रत तिथल्या डब्यात टाकू नका. भज्यांच्या पुडीला आधारची झेरॉक्स आलेली तुम्हीही पाहिली असेल.

तुम्ही स्वतः झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकणार असाल तर हीच गोष्ट तुमच्यासाठी धंद्याची आहे. "तुमची फाइल तुमच्यासमोर डिलीट करतो" अशी पाटी लावा. गिऱ्हाईक लक्षात ठेवतं.

अंगठा

गावात आधारवरून पैसे काढायची सोय झाली, म्हाताऱ्या माणसांची बँकेची चक्कर वाचली. पण तिथे ओटीपी नसतो. बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा, बस. देशात काही ठिकाणी जमिनीच्या खरेदीखतांवरचे ठसे उचलून, त्याचे नकली अंगठे बनवून पैसे काढल्याच्या टोळ्या पकडल्या गेल्यात.

उपाय आहे. आधारच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक असलं की अंगठा कुणाचाही, खरा असो की नकली, जुळत नाही. लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. आता प्रामाणिकपणे सांगतो, घरात ज्यांचं रेशन अंगठ्यावर आहे, त्यांना दर वेळी उघड-बंद करणं जमेलच असं नाही. तिथे दुसरा मार्ग. अंगठ्यानं पैसे निघतात त्या खात्यात खर्चापुरतीच रक्कम ठेवा, धंद्याचा पैसा वेगळ्या करंट खात्यात. आणि "सर्व्हर डाउन आहे, परत अंगठा द्या" म्हटलं की पहिल्या वेळची फेल झाल्याची पावती मागा. सिम घेतानाही हेच. दोनदा अंगठा म्हणजे कधी कधी दोन सिम.

आपल्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, यादी येते. जो नंबर तुमचा नाही त्यापुढे 'माझा नंबर नाही' निवडून कळवा. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ. दुसऱ्यानं तुमच्या सिमवरून फसवणूक केली तर पोलिसांचा पहिला फोन तुम्हाला.

संचार साथीवरच हरवलेला मोबाईल ब्लॉक करायची सोय आहे. तान्ह्या पोळ्याला सिंदीत किती गर्दी होते ते तुम्हाला सांगायला नको. फोन गेला तर आधी कंपनीला फोन करून सिम बंद करा, मग बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि मग फोन ब्लॉक करा. लोक उलटं करतात. आधी दोन दिवस फोन शोधतात.

तुमच्या नावावर कुणी कर्ज घेतलंय?

हे तपासायला पैसे लागत नाहीत. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकानं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाय. चार ब्युरो, बारा महिने. दर तीन महिन्यांनी एकाचा काढा, वर्षभर पहारा फुकटात होतो.

रिपोर्टमध्ये फक्त स्कोअर बघून बंद करू नका. खाली 'एन्क्वायरी' असते. तुम्ही कधी अर्ज केला नाही अशा फायनान्स कंपनीनं तुमची चौकशी केली असेल, तर कुणीतरी तुमच्या नावावर कर्ज मागितलंय. खोटं खातं दिसलं तर ब्युरोकडे आणि त्या कंपनीकडे, दोघांकडे तक्रार टाका. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. पण तक्रारीची तारीख दाखवता आली पाहिजे.

इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 'एआयएस' असतं, त्यावरही वर्षातून एकदा नजर टाका. तुमच्या पॅनवर कुणी व्यवहार, व्याज, भाडं दाखवलंय का ते तिथे उमटतं.

योजनांच्या नावाखाली होणारा प्रकार तुम्हाला माहीतच असेल, थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे. गुगलवर वर दिसणाऱ्या खासगी वेबसाइटी हजार-दोन हजार घेतात, वर तुमचं आधारही त्यांच्याकडे जातं. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का तेवढं बघा. मुद्रा लोन मंजूर झाल्याचं पत्र व्हॉट्सॲपवर येतं आणि आधी फी मागतात, ते खोटं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, मग ती चलनाची असो, किसान योजनेची असो की लग्नपत्रिकेची, उघडायची नाही. ती बसली की तुमचे ओटीपी दुसरीकडे जातात.

आणि खातं भाड्यानं? "तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवा, बाकी पाठवा." इथे तुम्ही बळी राहत नाही, आरोपी होता. खातं गोठतं, त्यात धंद्याचे पैसे असतील तर तेही अडकतात.

झालंच तर

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३०. तो राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, जितक्या लवकर तितकी रक्कम वाटेत थांबायची शक्यता जास्त. सोबत बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी केलेला व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र हे लागू पडत नाही.

पैसे गेले नाहीत, पण नावावर सिम, फर्म किंवा कर्ज निघालं, तरी तक्रार करायचीच. "माझं काय गेलं?" म्हणून सोडू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात द्या. आयटी कायद्याचं कलम ६६ सी ओळखीच्या चोरीसाठीच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अर्जात ते कलम लिहिलं तर "हे कशात बसतं?" हा प्रश्न उरत नाही. बोगस जीएसटी नंबर असेल तर जीएसटी पोर्टलच्या तक्रार विभागात नोंद करा आणि स्क्रीनशॉटमध्ये दिसणाऱ्या हद्दीच्या अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवा: हा नंबर मी घेतलेला नाही, रद्द करावा, सोबत पोलीस तक्रारीची प्रत.

प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोर्टलचा अर्ज क्रमांक, ठाण्याचा शिक्का, पोस्टाची पावती, सगळं एका फायलीत. वर्षभरानं नोटीस आली किंवा बँकेनं लोन अडवलं, तर टेबलावर ठेवायला तुमच्याकडे तारीख असलेला कागद पाहिजे, नोटिशीच्या आधीच्या तारखेचा.